छोटा टॉय हॉलर ओढायला कोणती गाडी घ्यावी?

रानवाटा

नमस्कार मंडळी. आम्ही ॲरिझोनात चँडलरला असतो. मी, नवरा, सोळा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. माती-दगडांतून मोटारसायकल चालवण्याचा नाद घरात तिघांना आहे, आणि आता एक जुना छोटा टॉय हॉलर बघून ठेवला आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: पुढे छोटंसं घर, मागे गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली उतरते आणि तिचाच रॅम्प होतो. बाइक बाहेर काढल्या की भिंतीला दुमडलेले पलंग पाडायचे, मुलं तिथेच झोपतात.

ट्रेलरचे आकडे असे: रिकामं वजन ४,१५० पाउंड, भरून जास्तीत जास्त ६,५००, लांबी २१ फूट, पाण्याची टाकी ३६ गॅलन. रिकाम्या ट्रेलरचा हिचवरचा, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवरचा भार ६२० पाउंड.

बाइक तीन. नवऱ्याची केटीएम ३९० ॲडव्हेंचर, मुलाची होंडा सीआरएफ २५०एफ, मुलीची सीआरएफ ११०एफ. नवरा मूळचा राजगुरुनगरचा. ही ३९० शेजारच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, म्हणून तिच्यावर त्याचा जास्तच जीव. ती घरी ठेवून जाऊ, असं कृपया सुचवू नका.

आताची गाडी २०१८ची हायलँडर व्ही६. ती ५,००० ओढते, म्हणजे बाद. नवऱ्याच्या मनात टॅकोमा (टोयोटाचा पिकअप) आहे, डबल कॅब, फोर बाय फोर. ती ६,४०० ओढते. विक्रेता म्हणाला, “ट्रेलर चार हजारांचा, गाडी साडेसहा हजारांची, काळजीच नको.” मला मात्र चैन पडत नाहीये. फ्लॅगस्टाफच्या बाजूला बऱ्याचदा आणि वर्षातून एकदा युटातल्या मोआबला जायचं आहे. बजेट ३५ हजार डॉलर, जुनी गाडी चालेल. काय करू?

निवडुंग

रानवाटा ताई, तुम्हाला चैन पडत नाहीये ते बरोबरच आहे. मी टूसॉनला असतो, सात वर्षं टॉय हॉलर ओढतोय. विक्रेत्याने तुम्हाला सगळ्यात कमी उपयोगाचे दोन आकडे सांगितले: ट्रेलरचं रिकामं वजन आणि गाडीची ओढण्याची कमाल क्षमता. रिकामा ट्रेलर कोणी ओढत नाही.

आधी तुमचा ट्रेलर भरू. ३९० पेट्रोलसकट जवळपास ३८० पाउंड, २५०एफ २६५, ११०एफ १६९. झाले ८१४. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे भरलेली टाकी ३०० पाउंड. दोन सिलिंडरमधला गॅस ४०. छोटा जनरेटर ५०. पेट्रोलचे दोन कॅन ६०. भांडीकुंडी, अंथरुणं, हेल्मेट, बूट, हत्यारं, खुर्च्या, चार दिवसांचा शिधा धरून ५००, आणि हा आकडा कमीच निघतो. बेरीज ५,९००च्या वर. अजून ६,४००च्या आत आहात, म्हणून टॅकोमा चालेल असं वाटेल.

आता दुसरी बाजू. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर बसला पाहिजे. १३ टक्के धरले तर ७७० पाउंड. यालाच टंग वेट म्हणतात. हे वजन गाडी ओढत नाही, वाहते. तुमच्या चौघांचं वजन पण तीच वाहते. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं (भार पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या जोडणीचं) लोखंड ८० पाउंड. तुमच्या कुटुंबाचं वजन विचारणं बरं दिसत नाही, पण ते मनातल्या मनात मिळवा.

आणि मग त्या टॅकोमाचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. तो पेलोड. जाहिरातीतला नाही, इंटरनेटवरचा नाही, त्याच गाडीच्या दारावरचा आकडा बघायचा. तो इथे लिहा, मग बोलू.

रानवाटा

निवडुंग, आज संध्याकाळी जाऊन आले. अंधार पडला होता, मोबाइलची बॅटरी लावून वाचलं. १,०५० पाउंड.

आमच्या चौघांचं ५४०. हिच ८०. टंग वेट ७७०. एकूण १,३९०. सामानाची एक पिशवीही मागे ठेवलेली नाही आणि गाडी ३४० पाउंडांनी वर गेली! नवरा तिथेच स्टिकरकडे बघत उभा राहिला. त्याने हाच हिशोब तीनदा केला.

पण एक कळलं नाही. गाडी ६,४०० ओढू शकते असं कंपनीच म्हणते ना? मग दोन आकडे एकमेकांना खोटं कसं पाडतात?

बर्फाळ

खोटं पाडत नाहीत, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. मी डेन्व्हरला. थोडं विस्ताराने लिहितो, कारण गाड्यांची ही परीक्षा तुमच्याच राज्यातल्या एका चढावर होते.

ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी इथे एसएई जे२८०७ नावाची पद्धत आहे. ती सगळ्यात आधी टोयोटाने स्वीकारली, बाकीचे मागून आले. त्यात एक चाचणी तुमच्या ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची असते. बुलहेड सिटीकडून गोल्डन व्हॅलीकडे जाणारा ६८ नंबरचा रस्ता, साधारण ११.४ मैल, जवळपास तीन हजार फूट चढ. हवा किमान १०० फॅरनहाइट तापलेली, एसी पूर्ण चालू, आणि तरी वेग ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर या सगळ्यांचा कस त्यात लागतो.

पण या चाचणीत गाडीत कोण असतं? प्रत्येकी १५० पाउंडांची दोन माणसं आणि थोडंसं साहित्य. मागच्या सीटवरची मुलं नाहीत, आइस बॉक्स नाही, कुत्रा नाही. इंजिन ओढू शकतं हे खरं आहे. मागचा ॲक्सल, स्प्रिंग आणि टायर तुमच्या कुटुंबासकट ते वजन झेलतील का, हा प्रश्न दारावरचं स्टिकर सोडवतं. छोट्या आणि मध्यम पिकअपमध्ये पेलोड आधी संपतो, ओढण्याची ताकद नंतर.

दुसरी गोष्ट उंचीची. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के दम गमावतं. फिनिक्स अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांवर. म्हणजे वर पोचेपर्यंत पाचवा हिस्सा गेला. आमच्याकडे आय-७०वर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे माझा जुना बिनटर्बोचा व्ही८ दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायचा. टर्बोवाल्याला विरळ हवेचा एवढा त्रास होत नाही. तुमचा रस्ता सगळा चढाचा आहे, टर्बो घ्या.

खंबाटकी

सगळे चढाचं बोलताय, मी वाऱ्याचं बोलतो. लास वेगासला असतो, मूळचा साताऱ्याचा.

दोन वर्षांपूर्वी आय-१५ने बार्स्टोकडे निघालो होतो. मागे २० फुटी टॉय हॉलर, त्यात दोन क्वाड, म्हणजे चारचाकी बाइक. दोन्ही अगदी मागे, रॅम्पच्या दाराला चिकटवून बांधलेल्या, कारण पुढे मुलांनी गाद्या पसरल्या होत्या. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ५५ची मर्यादा आहे, मी ६८ला होतो. डावीकडून अठराचाकी गेला. तो पुढे सरकला तसा ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला गेला, मग उजवीकडे, मग डावीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. आरशात ट्रेलरची बाजू दिसायला लागली. जो ट्रेलर मागे असायला हवा त्याची खिडकी मला आरशात दिसत होती.

पाय ब्रेकवर जात होता, तो मी आवरला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेक कंट्रोलरवरची पट्टी हाताने सरकवून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावले. ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. पुढच्या एक्झिटला थांबलो तेव्हा बायकोने माझा हात धरला होता तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तोललं. टंग वेट ७ टक्के. दोष माझा, पूर्णपणे. गाडी ‘अर्ध्या टनाचा’ म्हणतात त्या वर्गातला मोठा पिकअप, दमदार होती. पण शेपूट जड झाली की गाडीच्या ताकदीचा काही उपयोग नाही.

ताई, टॉय हॉलरचं हे दुखणं साध्या ट्रेलरला नसतं. गॅरेज मागे असतं म्हणून बनवणारे रिकाम्या ट्रेलरचं नाक मुद्दाम जड ठेवतात. तुमचंच बघा: ४,१५०ला ६२०, म्हणजे १५ टक्के. बाइक आत चढल्या की नाक हलकं होतं. म्हणून बाइक न नेता गेलात तर गाडीवर भार जास्त, आणि नेल्या तर ट्रेलर हलायचा धोका. गाडी निवडताना दोन्ही टोकं झेपली पाहिजेत.

अंजन_कांचन

हे वाचून आश्चर्य वाटलं. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ असते, आमचा १,४०० किलोचा कॅराव्हॅन आहे. इथे बॉलवरचा भार ७५ ते १०० किलोच असतो, गाडीच्या कागदांतच मर्यादा लिहिलेली असते. टक्क्यांत पाच ते सात. १३ टक्के ऐकून मला वाटलं चुकून लिहिलंय. आमचे ट्रेलर हेलकावत नाहीत ते कसे?

बर्फाळ

चांगला प्रश्न. तुमच्याकडे ट्रेलरसह ८०ची मर्यादा आहे, खास परवानगी असेल तर १००, आणि हे किलोमीटर. आमच्याकडे ॲरिझोना-युटात लोक त्याच ट्रेलरला ताशी ११०-१२० किलोमीटरने नेतात. हेलकावा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. शिवाय तुमचे कॅराव्हॅन बनवताना जड गोष्टी ॲक्सलजवळ ठेवतात आणि बॉलवरच घट्ट पकडणारा स्टॅबिलायझर बसवतात. आमच्या टॉय हॉलरमध्ये स्वयंपाकघर एका टोकाला आणि मोटारसायकली दुसऱ्या टोकाला. दोन्ही टोकांना वजन असलेली काठी मधे धरून फिरवून बघा, एकदा फिरायला लागली की थांबवणं जड जातं. म्हणून इथे नाकावर भार ठेवावा लागतो.

अंजन_कांचन

काठीचं उदाहरण लगेच कळलं. धन्यवाद.

शेवगा

विजेच्या पिकअपचं काय? एफ-१५० लाइटनिंग १०,००० पर्यंत ओढते, रिव्हियन ११,०००. चढाला तर विजेच्या मोटरसारखं काही नाही.

निवडुंग

ओढायला झकास, यात वाद नाही. उतारावर बॅटरीही भरते. पण असा उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर लावला की एका चार्जमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं. आणि बहुतेक चार्जर पार्किंगच्या टोकाला असतात, ट्रेलर सोडून गाडी आत घालावी लागते. ट्यूबा सिटी ते केएंटा आणि पुढे मोआब हा रस्ता डोळ्यांसमोर आणा. दोन मुलं, संध्याकाळचा वारा, आणि मधे ट्रेलर सोडून पुन्हा जोडायचा. मी त्या रस्त्यासाठी सुचवणार नाही. शहराजवळच्या कॅम्पसाठी जरूर.

रानवाटा ताई, तुमच्यासाठी मी अर्ध्या टनाचा पिकअपच म्हणेन. एफ-१५०चं ३.५ ईकोबूस्ट किंवा नवी टंड्रा, दोन्ही टर्बो. टंड्रा तुमच्या बजेटच्या वर जाईल. एसयूव्हीच हवी असेल तर एक्स्पिडिशन, हेवी ड्युटी टो पॅकेजसह, ती नऊ हजारांच्या आसपास ओढते. फोररनरकडे जाऊ नका, जुनी ५,००० आणि नवी ६,०००. पाऊण टनाची एफ-२५० तुमच्या ट्रेलरला लागत नाही. रोज ऑफिसला तीच न्यायची असेल तर कठीण सस्पेन्शनने पाठ धरेल.

आणि ट्रिमकडे लक्ष द्या. एकाच मॉडेलमध्ये जितकी चैन वाढते तितका पेलोड घटतो. काचेचं छत, मोठी चाकं, थंड होणाऱ्या सीट, पॉवरच्या पायऱ्या, हे सगळं वजन तुमच्या वाट्यातून कापलं जातं.

रानवाटा

शनिवारी दिवसभर दारं उघडत फिरलो. आता मुलगीसुद्धा विक्रेता यायच्या आत स्टिकर वाचते.

निवडुंग म्हणाले ते डोळ्यांनी पाहिलं. एकाच रांगेत दोन एफ-१५०, दोन्ही २०१९च्या, दोन्ही सुपरक्रू, ३.५ ईकोबूस्ट, फोर बाय फोर. एक प्लॅटिनम, काचेचं छत, दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते. पेलोड १,४२०. शेजारी एक्सएलटी, कापडी सीट, पुढच्या बंपरवर ओरखडा. पेलोड १,७९०. दोन गाड्यांत ३७० पाउंडांचा फरक, म्हणजे जवळपास नवऱ्याची केटीएम!

एक्सएलटीचा हिशोब: आम्ही ५४०, हिच ८०, टंग ७७०, मागच्या हौद्यात लाकडं आणि आइस बॉक्स मिळून १५०. एकूण १,५४०. २५० शिल्लक. ब्रेक कंट्रोलर कंपनीचाच बसवलेला आहे, सात पिनांचं सॉकेट आहे आणि पेट्रोलची ३६ गॅलनची टाकी. नवऱ्याला प्लॅटिनम आवडली होती, पण आकडे त्यानेच मांडले आणि एक्सएलटी त्यानेच ठरवली. सौदा झाला, बजेटच्या थोडा आत.

हिचच्या रिसीव्हरवरही एक स्टिकर आहे. साध्या बॉलवर ५,००० आणि टंग ५००, त्याच्या वर जायचं तर वेट डिस्ट्रिब्युशन हवं. हे बघायचं कोणी सांगितलं नव्हतं, वाकून पाहिलं म्हणून दिसलं.

निवडुंग

अभिनंदन! रिसीव्हरचं स्टिकर मी सांगायला हवं होतं, राहिलं. त्या हिचच्या सळ्या मागच्या चाकांवरचं थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतात. गाडी मागे बसली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पातळ लागतं, ते त्याने सावरतं. पण पेलोड वाढत नाही, आणि वाकडी लादलेली शेपूट सरळ होत नाही.

आता निघायच्या आधी तोला. हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचे मोठे काटे असतात. एकदा नुसती गाडी, सगळे आत बसून. मग ट्रेलर जोडून, सळ्या न लावता. गाडीच्या दोन ॲक्सलची बेरीज जितकी वाढली तितकं टंग वेट.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. तीन फुटांची मजबूत फळी, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. ट्रेलरचं नाक विटेपासून एक फुटावर टेकवायचं, म्हणजे काट्यापासून दोन फूट. काट्यावरचा आकडा गुणिले तीन. चाकांना पाचर मारल्याशिवाय हे करू नका.

खंबाटकी

आणि उतार. फ्लॅगस्टाफहून खाली येताना टो-हॉल मोड लावून ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवेल. आमच्या वडिलांचा ट्रक होता, ते म्हणायचे घाट ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून पाय खाली जातो.

ट्रेलरच्या टायरवरचे डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पण बघा, आठवडा आणि वर्ष. जुना ट्रेलर घेताय, टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून मेलेलं असतं.

रानवाटा

टायर सहा वर्षांचे निघाले, चारही बदलले. धन्यवाद खंबाटकी दादा, हे मला कधीच सुचलं नसतं.

आज पूर्ण भरून कॅट स्केलवर गेलो. गाडी आम्हा सगळ्यांसकट ६,०३०. ट्रेलर जोडल्यावर दोन्ही मिळून ११,८९०. म्हणजे ट्रेलर ५,८६०, निवडुंग यांच्या बेरजेच्या अगदी जवळ. पण टंग वेट आलं फक्त ५६०. साडेनऊ टक्के. पोटात गोळा आला, बार्स्टोची गोष्ट आठवली.

बर्फाळ

घाबरू नका, सामान हलवून हे जमतं. सूत्र सोपं आहे: जेवढं वजन, गुणिले जितके फूट पुढे सरकवलं, भागिले बॉलपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर. तुमचं अंतर किती?

रानवाटा

टेप लावली, १४ फूट. केटीएम सगळ्यात मागे, दाराशी होती. ती चार फूट पुढे घेतली: ३८० गुणिले ४ भागिले १४, म्हणजे १०९. हत्यारांची पेटी आणि पेट्रोलचे कॅन मिळून १३० पाउंड, तेही मागेच होते. पेटी पुढच्या बाकाखाली आणि कॅन नाकावरच्या उघड्या कॅरियरवर, दोन्ही साधारण नऊ फूट पुढे: आणखी ८४. ३९०चं पुढचं चाक आता स्वयंपाकाच्या ओट्याला चार बोटांवर येतं. तिथे मुलाने जुन्या गादीचा तुकडा लावला.

पुन्हा तोललं. ७५०. म्हणजे १२.८ टक्के. गाडी ६,७८०, तिची मर्यादा ७,०५०. नवऱ्याने दोन्ही पावत्या गाडीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. शुक्रवारी पहाटे मोआबला निघतोय.

निवडुंग

उत्तम. एकच विचारतो. परत येताना पाण्याची टाकी रिकामी आणि सांडपाण्याची भरलेली असेल. या दोन टाक्या कुठे आहेत?

रानवाटा

आत्ता खाली वाकून बघून आले. चांगल्या पाण्याची ॲक्सलच्या किंचित पुढे, सांडपाण्याची बरीच मागे. म्हणजे परतीला नाक पुन्हा हलकं. मोआबच्या डम्प स्टेशनवर रिकामी करूनच निघू, आणि चांगल्या पाण्याची अर्धी भरून घेऊ. सोमवारी परतीच्या वजनाचे आकडे इथेच टाकते.